दोष ‘ले’चा नाही

खान्देशातल्या मुलांना इंग्रजी वाक्यातली दोन कर्मं वेगळी ओळखता येत नाहीत आणि त्याला कारण त्यांच्या घरची अहिराणी, हे मत आमच्याकडच्या शिक्षकांत इतकं रुजलं आहे की ते तपासून पाहावं असंही आता कुणाला वाटत नाही. प्रशिक्षणात ते ऐकू येतं, स्टाफरूममध्ये ऐकू येतं. पालकसभेत तर आईबापांना बजावून सांगतात, की घरी पोरांशी अहिराणी बोलू नका, त्यांचं इंग्रजी बिघडतं. ह्या निदानाला जोडून उपायही येतो. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही. आणि कर्म ओळखायचं ते एका युक्तीनं: क्रियापदाला ‘काय?’ विचारा, उत्तर येईल ते डायरेक्ट ऑब्जेक्ट, ‘कोणाला?’ विचारा, उत्तर येईल ते इनडायरेक्ट ऑब्जेक्ट.

मला हे निदान मान्य नाही आणि उपाय तर मुळीच मान्य नाही. अहिराणीच्या माथी जी चूक मारली जाते ती अहिराणीतून येत नाही. ती ह्या युक्तीतूनच येते. मूल घरून येताना ती चूक घेऊन येत नाही. आपण ती त्याला फळ्यावर लिहून देतो, पाठ करून घेतो आणि मग पेपरात तीच चूक केली म्हणून गुण कापतो.

माझ्यासमोर आठवीतल्या एका मुलीची वही आहे. शाळा मराठी माध्यमाची, गाव पारोळा तालुक्यातलं, घरची बोली अहिराणी. वहीच्या पानावर वरती युक्ती चौकटीत लिहिलेली आहे, खाली वाक्यं. पहिलं वाक्य, ‘द टीचर गेव्ह रमेश अ पेन.’ तिनं विचारलं, काय दिलं? पेन. कोणाला दिलं? रमेशला. उत्तर बरोबर, लाल शाईची खूण. दुसरं वाक्य, ‘आय मेट माय अंकल इन पारोळा.’ तिनं विचारलं, काय भेटलो? उत्तर नाही. कोणाला भेटलो? मामाला. म्हणून ‘अंकल’खाली लिहिलं इनडायरेक्ट. फुली. तिसरं, ‘द डॉग बिट द बॉय.’ कोणाला चावला? पोराला. इनडायरेक्ट. फुली. चौथं, ‘ही वॉटर्ड द बनाना प्लांट्स.’ इथं तिनं आधी डायरेक्ट लिहिलं, मग ते खोडून इनडायरेक्ट केलं, कारण केळीला पाणी दिलं असंच ती मनात म्हणाली असणार. पुन्हा फुली. पानाच्या तळाशी शेरा आहे: ‘प्रश्न नीट विचार.’

तिनं प्रश्न नीटच विचारला होता. चौकटीत जे लिहिलं होतं ते तिनं अक्षरशः पाळलं. एकदाही ती नियमाबाहेर गेली नाही. चारांतली तीन उत्तरं चुकली ती नियम पाळल्यामुळं.

हे का होतं ते समजून घ्यायला फार खोलात जायला नको. ही युक्ती मुळात इंग्रजीत तयार झाली. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं सांगतात, की जी वस्तू दिली जाते ते डायरेक्ट ऑब्जेक्ट आणि ती ज्याला किंवा ज्याच्यासाठी दिली जाते ते इनडायरेक्ट. आपल्याकडं 1930च्या दशकापासून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातही हाच अर्थ आहे. ह्यांतल्या रेन साहेबांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती आणि पुस्तक भारतातल्या विद्यार्थ्यांसाठीच होतं. इंग्रजीत प्रश्न दोन आहेत. ‘हूम डिड यू सी?’ हा एक आणि ‘टू हूम डिड यू गिव्ह इट?’ हा दुसरा. ‘टू’ लागला की घेणारा, नाही लागला की नुसतं कर्म. इंग्रजीत हा फरक प्रश्नातच दिसतो, म्हणून तिथं युक्ती बऱ्याच अंशी चालते. मराठीत आणताना ते दोन्ही प्रश्न एका ‘कोणाला?’मध्ये मिसळले. कोणाला पाहिलंस? कोणाला दिलंस? ज्या फरकावर सगळी कसोटी उभी होती तो फरकच इकडं येताना गळून पडला. उरली ती नुसती चौकट.

आणि गंमत म्हणून नव्हे, पूर्ण गांभीर्यानं विचारतो, की मराठी वर्ज्य म्हणणाऱ्यांनी कसोटी मात्र मराठी प्रश्नांची का लावली? कारण त्यांनाही ठाऊक आहे की मूल विचार घरच्या भाषेत करतं. मग तो विचार नीट करायला शिकवायचं सोडून त्यावर बंदी घालायची, हे कुठलं शिकवणं?

आता अहिराणीवरच्या आरोपाकडं येतो. आरोप असा, की ह्या पोरांच्या बोलीत सगळीकडं ‘ले’ लावून मोकळं होतात, त्यामुळं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हा भेदच त्यांच्या डोक्यात नसतो. दोन वाक्यं घ्या. ‘मायनी माले भाकर दिधी.’ ‘मी पोऱ्याले देखं.’ पहिल्यात ‘ले’ घेणाऱ्याला लागला, दुसऱ्यात ज्याला पाहिलं त्याला. पण तिसरं वाक्यही घ्या: ‘मी घर देखं.’ इथं ‘ले’ नाही. ‘घरले देखं’ असं कुणी सहज म्हणणार नाही. म्हणजे ‘ले’ सगळीकडं लागत नाही. घेणाऱ्याला तो लागतोच. कर्माला लागायचा तर ते कर्म जिवंत हवं, माणूस किंवा जनावर हवं. निर्जीव वस्तूला तो सहसा लागत नाही. हा नियम कुणी शिकवलेला नाही आणि चार वर्षांचं पोर तो चुकवत नाही. ज्या मुलाच्या बोलण्यात इतका बारीक नियम रोज चालतो त्याच्या डोक्यात भेद नाही असं म्हणणारा माणूस त्या मुलाचं बोलणं ऐकतच नाही.

शिवाय ह्यात अहिराणीचं वेगळं असं काय आहे? प्रमाण मराठीत हेच आहे. मी मुलाला पाहिलं, मी घर पाहिलं. हिंदीत ‘को’ असाच वागतो, गुजरातीत ‘ने’. पूर्वेकडं रावेर-यावलच्या लेवा बोलीत ‘मले’ आहे, तिथंही हेच. फार कशाला, स्पॅनिश भाषेत माणूस कर्म असला की त्याच्याआधी ‘आ’ हे अव्यय येतं आणि तेच अव्यय घेणाऱ्यालाही लागतं. माद्रिदच्या मुलाला इंग्रजी शिकताना कुणी म्हणत नाही की घरी स्पॅनिश बोलू नकोस. सदाशिव पेठेतल्या मुलाला ‘कोणाला?’ची युक्ती शिकवा, तोही ‘द डॉग बिट द बॉय’मध्ये हीच चूक करील. त्याच्या चुकीला मात्र ‘अभ्यास कमी पडला’ म्हणतात आणि आमच्या पोराच्या चुकीला ‘घरची भाषा आडवी आली’ म्हणतात. हा भेदभाव आहे, आणि तो करणारे बहुतेक आमच्यातलेच, ह्याच बोलीत वाढलेले आहेत, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

अहिराणीला व्याकरण नाही, असंही एक वाक्य शिक्षकांच्या बैठकांत ऐकायला मिळतं. ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1907 साली निघालेल्या खंडात खान्देशीची, म्हणजे अहिराणीची, रूपं नोंदवली. तिला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवण्याचा त्याचा निर्णय पुढं अनेकांना पटला नाही, तो वाद आहे. पण तिला विभक्तिरूपं आहेत, क्रियापदांची रूपं आहेत हे शंभर वर्षांपूर्वी छापलं गेलं. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी 1926 साली देह ठेवला, जिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं आहे, त्या गावाला भाषेच्या अभ्यासाची ओळख करून द्यायची गरज नसावी. ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या माणसानं जिथं काम केलं, त्याच गावात बसून बोलीला व्याकरण नाही म्हणायचं? आणि आमच्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचं नाव आहे, त्या ज्या बोलीत बोलल्या तिच्यात ‘मले’ होतं. नाव पाटीवर चालतं आणि बोली वर्गात चालत नाही.

युक्ती टाकायची तर मुलाला दुसरं काय द्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर पाणिनीपाशी आहे. पाणिनीनं कर्म असं सांगितलं: कर्त्याला आपल्या क्रियेनं जे सर्वांत जास्त गाठायचं असतं ते. आणि संप्रदान सांगताना त्यानं कर्माचाच आधार घेतला: त्या कर्माच्या द्वारे कर्ता ज्याच्यापर्यंत पोचू पाहतो ते संप्रदान. ह्या रचनेत सगळं आलं. आधी कर्म शोधायचं. ते सापडलं की मग विचारायचं, हे कर्म कुणाच्या हाती, कानी, डोळ्यांपुढं चाललं आहे? कर्मच पुढं सरकत नसेल तर घेणारा असण्याचा प्रश्न उरत नाही. ‘द डॉग बिट द बॉय’मध्ये कुत्र्यानं पोरालाच धरलं, पोराच्या हाती काही दिलं नाही. म्हणून पोर हेच कर्म, आणि वाक्यात एकच कर्म असल्यानं ते डायरेक्ट. ‘आय मेट माय अंकल’मध्ये तसंच. ‘गेव्ह रमेश अ पेन’मध्ये पेन सरकला, रमेशपाशी पोचला. केळीचं वाक्यही ह्यातून सुटतं. ‘ही वॉटर्ड द बनाना प्लांट्स’मध्ये पाणी क्रियापदाच्या पोटात गेलं आहे, वाक्यात नाम म्हणून उरलेलं नाही, केळी हेच एकमेव कर्म. पण ‘ही गेव्ह द बनाना प्लांट्स वॉटर’ म्हटलं की पाणी वेगळं झालं, ते केळीकडं चाललं, आणि केळी घेणारी ठरली.

हे ‘सरकणं’ आठवीच्या मुलाला पाच मिनिटांत कळतं, आणि ते त्याच्या बोलीतून सांगितलं तर त्याहून लवकर. ‘मायनी माले भाकर दिधी’ ह्यात भाकर कुठून कुठं गेली? मायकडून माझ्याकडं. ‘मी पोऱ्याले देखं’ ह्यात काय कुठं गेलं? काहीच नाही. बस. ‘ले’ दोन्हीकडं आहे, काम निराळं आहे. हे मुलाला त्याच्याच तोंडून काढून घेता येतं.

एवढ्यानं सगळे अपवाद मिटतात असा माझा दावा नाही. ‘ही टोल्ड मी’, ‘दे पेड हर’ अशा वाक्यांत सरकणारी गोष्ट बोलणाऱ्यानं गिळलेली असते. सांगितलं ते काय आणि दिले ते किती, हे वाक्यात नाही. तिथं ‘मी’ला काय म्हणायचं ह्यावर व्याकरणकारांतही एकमत नाही. ‘गेव्ह अ पेन टू रमेश’मधल्या ‘रमेश’ला इनडायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणायचं की नुसता ‘टू’ला जोडलेला शब्द म्हणायचं, हाही जुना वाद आहे. शाळेची पुस्तकं पहिलं म्हणतात. 2002 साली आलेलं केंब्रिजचं मोठं व्याकरण दुसरं म्हणतं. मला शाळेपुरतं पुस्तकाचं चालेल. पण वाद असलेल्या जागेवर पोराचा अर्धा गुण कापू नये, एवढं मात्र वाटतं.

इथंवर ऐकून काही जण म्हणतात, बरं, बोलीतून मूल कर्म ओळखेल; पण इंग्रजी लिहिताना तीच बोली त्याला पाडते त्याचं काय? हा त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. बोली आणि इंग्रजी ह्या काही ठिकाणी एकमेकींपासून दूर जातात, हे खरंच आहे. पण ती ठिकाणं मोजकी आहेत, त्यांची नावं घेता येतात, आणि दोन्ही भाषा समोरासमोर ठेवल्याशिवाय ती दाखवताच येत नाहीत. मराठी बंद केली की मूल घसरतं कुठं तेच शिक्षकाला दिसत नाही.

पहिली जागा शब्दांच्या क्रमाची. ‘व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला पैसे दिले.’ हे वाक्य मराठीत कसंही फिरवा. पैसे शेतकऱ्याला दिले व्यापाऱ्यानं. शेतकऱ्याला व्यापाऱ्यानं पैसे दिले. कुणी कुणाला काय दिलं ह्यात तीळभर फरक पडत नाही, कारण कोण कोण आहे ते प्रत्यय सांगतात. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढं काही शतकांत ते झिजले आणि काम जागेवर आलं. आता क्रियापदानंतर दोन नामं आली की पहिलं घेणारा, दुसरं वस्तू. ‘द ट्रेडर गेव्ह द फार्मर द मनी’ हे ठीक. ‘द ट्रेडर गेव्ह द मनी द फार्मर’ म्हटलं तर व्यापाऱ्यानं पैशाला शेतकरी दिला असं होतं. क्रम बदलायचाच असेल तर ‘टू’ हवा. ह्यात जागा हीच विभक्ती आहे, हे एकदा सांगितलं की पुढचं बरंच सोपं होतं. आणि मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. जुन्या इंग्रजीत ‘त्याला’साठी दोन रूपं होती, द्वितीयेचं ‘हिने’ आणि चतुर्थीचं ‘हिम’. पुढं चतुर्थीच्या ‘हिम’नंच दोन्ही जागा घेतल्या. आपल्या व्याकरणाच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना ‘स, ला, ते’च आहेत, ते पाठ करताना प्रत्येक मराठी मूल एकदा तरी गोंधळलेलं असतं. इंग्रजीतही ह्या दोन विभक्ती एकमेकींत मिसळल्या हे कळलं की ती भाषा त्याला परकी वाटत नाही.

दुसरी जागा गावाची. ‘मामाले चिठ्ठी धाडी’ आणि ‘जयगावले (जळगावला) चिठ्ठी धाडी’ ह्यांत आमचा ‘ले’ एकच. इंग्रजीत मामा चिठ्ठी घेणारा आहे, तो मधल्या जागेत बसतो: ‘आय सेंट माय अंकल अ लेटर’. जळगाव हे ठिकाण आहे, ते चिठ्ठी घेत नाही. म्हणून ‘आय सेंट जळगाव अ लेटर’ चालत नाही, ‘आय सेंट अ लेटर टू जळगाव’ म्हणावं लागतं. जळगाव म्हणजे तिथलं कार्यालय असा अर्थ असेल तर गोष्ट वेगळी. हा फरक मला कुठल्याही शालेय पुस्तकात दिसला नाही, आणि आमची मुलं नेमकी इथं अडखळतात.

तिसरी जागा दवाखान्याची म्हणू. ‘आईला डॉक्टरांना दाखवलं.’ मराठी वाक्यात ‘ला’ आणि ‘ना’ असे दोन्ही शब्दांना प्रत्यय आहेत, आणि ‘कोणाला?’ विचारलं तर दोन उत्तरं येतात. युक्ती इथं पार हात टेकते. पण सरकण्याची कसोटी लावा. कुणाला कुणापुढं नेलं? आईला डॉक्टरांपुढं. आई हे कर्म, डॉक्टर घेणारे. ‘आय शोड माय मदर टू द डॉक्टर.’ उलट लिहिलं तर डॉक्टरांना आईपुढं उभं केलं असं होईल.

चौथी जागा क्रियापदांची आहे, आणि दहावीपर्यंतच्या सगळ्या चुकांत मला ही सर्वांत मोठी वाटते. आपल्याकडं सांगणं, देणं, समजावणं, म्हणणं, सुचवणं, सगळ्यांना ‘ला’ चालतो. मला सांगा, मला समजावून द्या, तो मला म्हणाला. इंग्रजीनं इथं क्रियापदांचे दोन गट केले आहेत. गिव्ह, सेंड, शो, लेंड, टेल, टीच, ऑफर ही मधल्या जागेत घेणारा घेतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, डोनेट ही घेत नाहीत. त्यांना ‘टू’ लागतोच. पहिल्या गटातली बहुतेक जुनी इंग्रजी घराण्यातली, आखूड क्रियापदं आहेत, दुसऱ्या गटातली बहुतेक लॅटिन-फ्रेंचमधून आलेली, लांब. नियम पक्का नाही, ‘ऑफर’ मूळचं लॅटिनच. पण दिशा खरी आहे, आणि मुलाला धरायला काहीतरी मिळतं. ‘सर, एक्सप्लेन मी धिस’ म्हणणारं पोर अहिराणीमुळं चुकत नाही. ‘एक्सप्लेन’ कुठल्या गटातलं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं म्हणून चुकतं. ‘से’ आणि ‘टेल’चंही असंच. ‘ही सेड मी’ हे आमच्याकडं वर्गावर्गात लिहिलं जातं. मग रिपोर्टेड स्पीचच्या धड्यात ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करा हे सूत्र येतं, मुलं ते पाठ करतात, आणि ‘टोल्ड’नंतर ‘टू’ का पडला हे विचारतच नाहीत. ह्याच धड्यामुळं ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हटलं की आमच्या दहावीच्या मुलाला अवतरण चिन्हं आठवतात, कर्म आठवत नाही. ‘सेड’ घेणाऱ्याला थेट घेत नाही, ‘टोल्ड’ घेतो, इतकं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर सूत्र पाठ करायची पाळीच आली नसती.

‘फॉर’चा गटही निराळा. ‘बाबांनी मला सदरा घेतला’ ह्यातल्या ‘मला’नं फसून मूल ‘बॉट अ शर्ट टू मी’ लिहितं. घेणं, करणं, रांधणं, शोधून आणणं ही कामं कुणाच्यासाठी होतात, तिथं ‘फॉर’.

शेवटची जागा पॅसिव्हची. ‘दे गेव्ह हर अ प्राइझ’चं ‘शी वॉज गिव्हन अ प्राइझ’ होतं. मराठीत हे होत नाही. आपण ‘तिला बक्षीस देण्यात आलं’ म्हणतो. ‘तिला’ जागचं हलत नाही. ‘शी वॉज गिव्हन’ हे शब्दाला शब्द लावून वाचणाऱ्या मुलीला ‘ती दिली गेली’ असं ऐकू येतं, आणि आमच्याकडं मुलगी दिली ह्याला एकच अर्थ आहे. ती वाक्य चूक समजते आणि ‘टू हर वॉज गिव्हन’ असं काहीतरी जुळवते. तिच्या मनात काय चाललं आहे ते मराठीत बोलल्याशिवाय शिक्षकाला कसं कळणार?

म्हणजे बोली आडवी येते हे ज्या ठिकाणी खरं आहे, तिथंच बोली वर्गात आणण्याची गरज सर्वांत जास्त आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या दोन भाषा शेजारी मांडूनच. त्या पद्धतीत बोलण्याकडं दुर्लक्ष झालं, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे, पण तो दोन भाषा शेजारी ठेवण्यावरचा आक्षेप नव्हे. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही वर्गातल्या अनेक भाषा ही मुलांची संपत्ती मानली. 2000 साली महाराष्ट्रानं पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. आज आठवीतल्या मुलाच्या मागं इंग्रजीची सात वर्षं असतात आणि तरी ‘ही सेड मी’ जागचं हललेलं नाही. वर्षं वाढवून जे सुधारलं नाही ते घरची भाषा तोडून सुधारेल असं मानायला कसलाही आधार नाही.

‘ह्याला गुण किती?’ असं विचारणारे आहेत. हे प्रकरण स्वतंत्र प्रश्न म्हणून क्वचितच येतं, सबब एक चौकट पाठ करून पुढं जावं, असं त्यांचं म्हणणं. पण व्हॉइस बदला, स्पीच बदला, पत्र लिहा, भाषांतर करा, ह्या प्रत्येक ठिकाणी दोन कर्मांचं हेच ज्ञान लागतं. चौकटीनं वाचवलेला अर्धा तास पुढच्या दोन वर्षांत फुलीफुलीनं भरून द्यावा लागतो. आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाले म्हणतात की व्याकरण सोडा, बोलायला लागा. बोलायला लागावंच. पण बोलताना ‘एक्सप्लेन मी’ पक्कं झालं की ते मुलाखतीत बाहेर पडतं, आणि तिथं शेरा मिळत नाही, नोकरी जाते.

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकतो. शिरपूर-साक्रीकडच्या शिक्षिका म्हणतात, आमच्या वर्गात सगळी अहिराणीवाली नाहीत. पावरी बोलणारी आहेत, भिल्ली, कोकणी बोलणारी आहेत, आम्हाला त्या बोली येत नाहीत, मग आम्ही शेजारी ठेवायचं तरी काय? त्यांना बोली यायला हवी असा माझा आग्रह नाही. दोन वाक्यं मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत म्हणायला सांगायची: आईनं मला भाकर दिली, आणि मी भावाला पाहिलं. ती फळ्यावर देवनागरीत लिहायची, आणि ‘मला’ आणि ‘भावाला’ ह्यांच्या शेवटी काय लागलं ते मुलांनाच विचारायचं. एकच प्रत्यय निघाला तर वर सांगितलेलं सगळं लागू. निराळे निघाले तर त्या मुलांची अडचण निम्मी झाली, कारण त्यांच्या बोलीत घेणारा आधीच वेगळा दिसतो. हे शोधायला एक तास पुरतो, आणि त्या तासाला वर्गातली सगळ्यांत गप्प मुलं बोलतात.

माझी मागणी लहान आहे. प्रशिक्षणाच्या पत्रकांतून ‘कोणाला? म्हणजे इनडायरेक्ट’ ही ओळ काढा. तिच्या जागी एवढंच लिहा: आधी कर्म शोधा, मग ते कुणाकडं सरकतं ते पाहा; सरकत नसेल तर कर्म एकच, आणि ते डायरेक्ट. त्याखाली दोन वाक्यं मराठीत, दोन मुलांच्या बोलीत आणि चार इंग्रजीत द्या. एक्सप्लेन, सजेस्ट, से ही क्रियापदं वर्गात वेगळ्या रंगानं लिहून भिंतीवर लावा. आणि पुढच्या पालकसभेत आईबापांना सांगा की घरी अहिराणी खुशाल बोला.